दोन नंबरची दोरी

समुद्रकाठच्या इन्व्हरडोव्हन गावात कुणी वारले की घरातला पहिला प्रश्न असे, "दोऱ्या कुणाकुणाला?" पाद्री, फुले, चहापाणी हे सगळे त्यानंतर. शवपेटीला आठ दोऱ्या. डोक्याकडची एक नंबरची थोरल्या मुलाची, पायाकडची दोन नंबरची धाकट्याची, उरलेल्या सहा नात्याच्या आणि स्नेहाच्या क्रमाने. आदल्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरी काळ्या काठाचे कार्ड जाई आणि त्यावर त्याचा आकडा असे. कबरीपाशी नावे पुकारली की आठांनी पुढे होऊन पेटी सावकाश खाली सोडायची. ज्याला कार्ड आले नाही तो विचारायला जात नसे. दोरी मागायची नसते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

कार्डे लिहिण्याचे आणि नावे पुकारण्याचे काम तीन पिढ्या गिलफिलन सुतारांकडे होते. गावाची दारे-खिडक्या जो करतो त्यानेच पेट्याही करायच्या, अशी तिथली रीत. आजोबा वॉल्टर गिलफिलन १८५१ साली पाठीवर हत्यारे घेऊन डोंगराकडून चालत आले आणि हाय स्ट्रीटमागच्या बोळात त्यांनी कारखाना टाकला. त्यांचा मुलगा एबेनेझर. एबेनेझरला दोन मुलगे. थोरल्याला रिवाजाप्रमाणे आजोबांचे नाव मिळाले, वॉल्टर; गाव त्याला वॅटी म्हणे. तीन वर्षांनी झालेल्या धाकट्याला आईच्या वडिलांचे, निनियन.

दोघेही बापाच्या हाताखाली शिकले. वॉल्टरचे काम चोख, मापाला धरून. निनियनने केलेला सांधा हातात घेतला की एबेनेझर नुसती मान हलवी. ती मान हलणे हीच त्या घरातली शाबासकी होती आणि ती वॉल्टरच्या वाट्याला फारशी आली नाही. पुढे निनियनने बेथिया नावाच्या कोळ्याच्या मुलीशी लग्न केले आणि तो बंदरावर होड्या बांधण्याच्या कामाला लागला. बाप रागावेल असे वॉल्टरला वाटले होते. बाप म्हणाला, "पेटीपेक्षा होडी बरी. होडी परत तरी येते."

वॉल्टर पेट्या करत मागे राहिला.

म्हाताऱ्याने एकदा एका पाडलेल्या गिरणीच्या ओकच्या तुळया आणल्या, चिरून घेतल्या आणि तीन पेट्यांपुरत्या फळ्या माळ्यावर वाळत ठेवल्या. "एक माझी, दोन तुमच्या," तो मुलांना म्हणाला. "गाव जाईना का देवदारात. आपण ओकमधून जायचं."

१९२५ साली वॉल्टर नगरपालिकेवर निवडून आला. माणूस कामाचा होता. बैठक चुकवायचा नाही, कागद वाचल्याशिवाय सही करायचा नाही. बंदरावरच्या जुन्या घरांत भिंतींना बारा महिने ओल असे आणि एका नळावर सहा घरे पाणी भरत. ती घरे पाडून टेकडीवर अठ्ठेचाळीस नवी बांधायची, ही योजना त्याची. चार वर्षे तो तिच्यामागे होता. १९३४च्या ऑक्टोबरात निवडणुकीची सभा भरली तेव्हा पुढचा नगराध्यक्ष तोच, असे लोक धरून चालले होते.

त्या सभांचा रिवाज असा की उमेदवाराला मंचावर उभे करून प्रश्नांनी सोलून काढायचे. गावाचा तो आवडता खेळ होता, त्यात राग धरायचा नसे. वॉल्टर दीड तास नीट उत्तरे देत राहिला. मग मागच्या बाकावरून निनियन उठला. तो स्वतः बंदरावरच राहत होता.

"अध्यक्षमहाराज, एक साधा प्रश्न. नव्या घरांना दारं कोण बसवणार?"

"ते नगरपालिका ठरवील," वॉल्टर म्हणाला.

"म्हणजे गावात सुतार कोण कोण आहे ते बघून ठरवील. आहे कोण दुसरा?" निनियनने सभेकडे वळून पाहिले. "आणि त्याच दारातून आम्हाला आडवं करून बाहेर काढणारही हाच! वॅटी, लेका, माणूस आत जावो की बाहेर जावो, तुझं कधी अडत नाही बघ!"

सभागृह कोसळले. लोक बाकांवर हात आपटून हसले. वॉल्टरही हसला असता कदाचित, पण पहिल्या रांगेत त्याचा बाप बसला होता. एबेनेझर डोळे पुसत हसत होता आणि हसता हसता त्याने मान हलवली.

वॉल्टर सभासद म्हणून पुन्हा निवडून आला. त्या रात्री तो निनियनशी बोलला नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. निनियनने बंदरावर कुणाला तरी विचारले, "आमचा नेता अजून फुगूनच बसलाय का?" ते वॉल्टरच्या कानावर आले. सभेनंतर बावीस दिवसांनी एबेनेझर न्यूमोनियाने गेला.

पेटी वॉल्टरने स्वतः केली, माळ्यावरच्या ओकची. मग टेबलाशी बसून त्याने स्वतःची एक नंबरची दोरी सोडून सात कार्डे लिहिली. सहा कार्डे बिसेटच्या हाती दिली. मंगो बिसेट हा कारखान्यातला जुना गडी, तोंडाने फटकळ, हाताने भरवशाचा. त्याने कार्डे मोजली.

"दोन नंबर कुठंय?"

"तो मी देतो. स्वतः."

"बंदरावर चाललोच आहे मी. मधेच घर आहे निनियनचं."

"सांगितलं ना, मी देतो."

कार्ड वॉल्टरच्या वेस्टकोटाच्या खिशात गेले. ते द्यायचे नाही असे त्याच्या मनात मुळीच नव्हते. निनियन बापाचे शेवटचे दर्शन घ्यायला येईल, एखादा शब्द बोलेल, मग कार्ड त्याच्या हातावर ठेवायचे, एवढाच हिशेब होता.

त्याची बायको एफी स्वयंपाकघरात हॅम कापत होती. तिने विचारले, "निनियनला कार्ड पोचलं?"

"येईल तो. चुकलो एवढं म्हणू दे, लगेच देतो."

"वॉल्टर, बापाची पेटी दिवाणखान्यात आहे. आता कुणाचं चुकलं ते काय बघायचं?"

"सगळ्या गावापुढे बोलला तो."

"सगळं गाव कधीच विसरलं. तूच उजळणी करत बसलायस."

दुपारी निनियन आला. टोपी काढून तो बापाशेजारी बसला. समोरच्या खुर्चीत वॉल्टर. तासभर दोघांत एक शब्द नाही. उठताना निनियनने पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवला, सांधा कुठे लागतो का पाहिल्यासारखा. दाराशी गेला, टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"उद्या किती वाजता?" त्याने विचारले.

"एक वाजता."

"बरं."

आणि तो गेला. वॉल्टरचा हात वेस्टकोटाच्या खिशावर होता. हा माणूस वेळ विचारतो आणि माफी मागत नाही, याचा त्याला उलट राग आला.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत निम्मे गाव होते. बायका रिवाजाप्रमाणे घरी राहिल्या होत्या. निनियन भिंतीपाशी कोळ्यांच्या घोळक्यात उभा होता, बोडका, नजर जमिनीकडे. वॉल्टरने यादी उघडली. एक नंबर तो स्वतः. मग "दोन नंबर" म्हणून तो थांबला. त्याने भिंतीकडे पाहिले. याने नुसते वर बघावे, नाव घेतो, असे त्याच्या मनात होते. निनियनने वर पाहिले नाही.

"मिस्टर प्रिंगल," वॉल्टर म्हणाला.

प्रिंगल नगरपालिकेचे चिटणीस. त्यांच्याकडे कार्ड गेलेच नव्हते. ते गोंधळून इकडे तिकडे पाहत पुढे झाले. घोळक्यात कुणी तरी श्वास आत ओढला. निनियनने टोपी डोक्यावर ठेवली, उघड्या कबरीपुढे, बापाच्या, आणि फाटकातून चालता झाला.

वॉल्टर घरी आला तेव्हा बातमी एफीपर्यंत आधीच पोचली होती. तिने चहा ओतला आणि म्हटले, "कार्ड काढ खिशातून. वेस्टकोट धुवायला टाकायचाय." त्याने ते काढून टेबलाच्या खणात ठेवले.

तीन हजार वस्तीच्या गावात दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता सत्तावीस वर्षे काढणे सोपे नाही. पण ते दोघे गिलफिलन होते, हाती घेतलेले काम पुरे करणारे. १९३७ साली वॉल्टर नगराध्यक्ष झाला. रिवाजाप्रमाणे त्याच्या दारापुढे नगरपालिकेने दोन दिव्यांचे खांब उभे केले, ते पद गेले तरी काढायचे नसतात. पहिल्या रविवारी गळ्यात पदाची साखळी घालून तो सगळ्या सभासदांसह मिरवत चर्चला निघाला. बंदराच्या कोपऱ्यावर निनियन उभा होता. इतरांबरोबर त्यानेही टोपी काढली. साखळीकडे पाहिले, चेहऱ्याकडे नाही, आणि मिरवणूक पुढे गेल्यावर टोपी पुन्हा घातली.

टेकडीवरची घरे झाली. दारे अर्थात गिलफिलनांचीच. एकतीस नंबरचे घर निनियनला मिळाले. राहायला गेल्यावर पहिल्याच शनिवारी त्याने पुढचे दार बिजागऱ्यांतून काढले, रंधा मारला आणि पुन्हा बसवले. बिसेट हे कारखान्यात येऊन सांगितल्याशिवाय कसा राहील? "अख्ख्या टेकडीवर आवाज न करता बंद होणारं एकच दार आहे म्हणे," तो म्हणाला. "आपण केलं तसं नाही राहिलं ते." वॉल्टरने ऐकले नाही असे दाखवले.

युद्धाची सगळी वर्षे तो नगराध्यक्ष होता. मुलगा पडल्याची तार आलेल्या घरी तो स्वतः जाई, साखळी न घालता. त्याची एकुलती मुलगी मार्जरी लग्न करून कॅनडाला गेली. निनियनला मुलगा होता. त्याचे नाव आजोबांचेच, एबेनेझर, म्हणजे एबेन. रस्त्यातून कुणी "एबेन गिलफिलन!" अशी हाक मारली की वॉल्टर क्षणभर वळून बघे.

१९५१ साली एफी गेली. वॉल्टरने कार्डे लिहिली आणि या वेळी दोन नंबरचे सगळ्यांत आधी लिहून बिसेटबरोबर टेकडीवर पाठवले. अर्ध्या तासात बिसेट परत आला. कार्ड त्याच्या हातातच.

"काय म्हणाला?"

बिसेटने टोपी काढून डोके खाजवले. "म्हणाला, एफी भली बाई होती, तिच्यासाठी येईन. पण माझी दोन नंबरची दोरी बापाच्या पेटीची होती. ती वॅटी आता कुठून आणणार?"

निनियन आला आणि भिंतीपाशी बोडका उभा राहिला. पेटी खाली जाईपर्यंत हलला नाही.

त्यानंतर वॉल्टरने प्रयत्न केला नाही. म्हणजे मनात पुष्कळ केला. रविवारी चर्चमधून निघताना आज बोलायचे असे तो ठरवी, आणि निनियन दुसऱ्या दाराने बाहेर पडलेला असे. नगराध्यक्ष असताना बंदरावर नवा धक्का त्याने बांधून घेतला होता, निनियनच्या कामाला सोयीचा. त्याबद्दल निनियनने कुणाजवळ तरी चांगले म्हटले असेल का, असा विचार तो बराच काळ करत राहिला. म्हटले असले तरी ते त्याच्यापर्यंत आले नाही.

१९६२च्या मार्चमध्ये एका सकाळी बेथिया कारखान्यात आली. वॉल्टर चौऱ्याहत्तरीचा झाला होता. काम बिसेट बघे, तो नुसता येऊन बसे. बेथियाने दारातच सांगितले, "निनियन गेला. पहाटे, झोपेत."

वॉल्टर उठून उभा राहिला. बसा म्हणावे हे त्याला सुचले नाही. बिसेटने स्टूल पुढे केले.

"दुसऱ्या गावचा माणूस बोलवा म्हणत होता एबेन," ती म्हणाली. "मी म्हटलं नको. फळ्या माळ्यावर आहेत ना, सासऱ्यांनी ठेवलेल्या?"

"आहेत. हात लावला नाही त्यांना."

"मग त्यांचीच करा."

तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. दोऱ्यांची यादी. वॉल्टरने चष्मा लावला. एक नंबर, एबेन. तीन, बेथियाचा भाऊ. चार, होडीच्या कामावरचा जोडीदार. असे आठपर्यंत. दोन नंबरपुढे काहीच लिहिलेले नव्हते.

"हे राहिलंय," तो म्हणाला.

"राहिलं नाही. गेल्या हिवाळ्यात त्यानंच सांगितलं, दोन कोरा ठेव. का, ते विचारलं तर म्हणाला, वॅटीला कळेल."

वॉल्टरला कळले नाही. ये म्हणतो आहे, की बघ कसे वाटते ते म्हणतो आहे? तो टेबलाकडे गेला, खण उघडला आणि सत्तावीस वर्षांपूर्वीचे कार्ड काढून बेथियापुढे धरले. काळा काठ तपकिरी पडला होता. त्यावर त्याच्याच अक्षरात, दोन नंबर, निनियन गिलफिलन.

"तेव्हाच लिहिलं होतं," तो म्हणाला. "द्यायचंच होतं मला. त्यानं एक शब्द विचारला असता तर..."

बेथियाने कार्ड वाचले, हातात घेतले नाही.

"विचारलं की त्यानं."

"कधी?"

"घरी आला होता तेव्हा. बाप दिवाणखान्यात होता. परत येऊन मला म्हणाला, मी विचारलं, बेथिया. वेळ विचारली. तो म्हणाला एक वाजता, आणि गप्प राहिला." तिने पिशवीचा बंद ओढला. "वेळ चर्चच्या दारावर लावलेली होती, वॉल्टर गिलफिलन. उभ्या गावाला ठाऊक होती. पोटच्या पोराला ठाऊक नसेल का? याहून जास्त कसं विचारायचं असतं?"

वॉल्टरने कार्ड पुन्हा तिच्यापुढे केले.

"ठेवा ते," ती जाताना म्हणाली. "त्याला लागत होतं तेव्हा लागत होतं. मी काय करू त्याचं?"

पेटीचे काम त्याने बिसेटला करू दिले नाही. एकेका सांध्याला तो दुप्पट वेळ घेत होता. तिसऱ्या दिवशी बिसेट म्हणाला, "नावं मी पुकारतो उद्या. तुम्ही नुसते उभे राहा."

"मीच पुकारणार."

"आणि दोन नंबर?"

धंद्याचा नियम दोघांनाही माहीत होता. दोरीला माणूस कमी पडला तर ती सुताराच्या माणसाने धरायची, पेटी तिरकी जाता कामा नये. वॉल्टरने पुढचा सांधा हातात घेतला.

दफनभूमीत वारा होता. वॉल्टरने यादी उघडली. "एक नंबर, एबेनेझर गिलफिलन." एबेन पुढे झाला. चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, आजोबांच्या हनुवटीचा. "दोन नंबर," वॉल्टर म्हणाला आणि थांबला. लोक वाट पाहत होते. आपले स्वतःचे नाव पुकारायला त्याची जीभ वळेना. दोरी मागायची नसते आणि घ्यायचीही नसते. तो पुढे गेला, "तीन नंबर," मग चार, आणि आठही झाले. पायाकडची दोरी पेटीवर तशीच पडून राहिली. बिसेट नियमाप्रमाणे पुढे सरकला. वॉल्टरने हाताने त्याला मागे सारले, वाकला आणि दोरी उचलली.

भाऊ म्हणून उचलली की सुतार म्हणून, हे जमलेल्यांपैकी कुणाला सांगता आले नसते. त्याला स्वतःलाही आले नसते. ओकचे वजन हातांना जाणवले. निनियन शेवटी बराच हलका झाला असणार, कारण बापाची पेटी याहून जड होती. पेटी तळाला टेकली, दोऱ्या सैल झाल्या, सात जणांनी आपापल्या दोऱ्या आत टाकल्या. वॉल्टरने टाकली नाही. एबेनने थोडा वेळ पाहिले, मग हळू म्हणाला, "गिलफिलनसाहेब, सोडा आता."

काका म्हणाला नाही. कधी म्हणण्याची वेळच आली नव्हती.

फाटकापाशी एबेन रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे हात हातात घेत उभा होता. वॉल्टरची पाळी आली तेव्हा म्हणाला, "आईनं सांगितलंय, चहाला या."

एकतीस नंबरच्या दारातून वॉल्टर पहिल्यांदाच आत गेला. जाताना त्याचा हात आपोआप दाराच्या कडेवर गेला. वरची बिजागरी केसभर सरकवलेली होती, कड एका रंध्याने उतरवलेली. पंचवीस वर्षांपूर्वी नेमके एवढेच करायचे राहून गेले होते. मागे दार लागले ते ऐकूही आले नाही.

आत माणसे दाटीने बसली होती. बेथियाने त्याच्या हातात कप दिला. तो न पिता त्याने सगळ्यांदेखत म्हटले, "एबेन, मला मुलगा नाही. माझ्या वेळी एक नंबरची दोरी तू धरशील का?"

अशी गोष्ट तोंडाने कुणी मागत नाही, त्यातून माजी नगराध्यक्ष तर नाहीच. बेथियाचा भाऊ छताकडे पाहू लागला. एबेनने आईकडे पाहिले. तिने चहादाणी खाली ठेवली नाही.

"मेल्यावरचं आताच कसं सांगू?" एबेन म्हणाला. आणि मग, "कार्ड पाठवा. बघू."

"पाठवत नाही," वॉल्टर म्हणाला. "आणून देतो."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्याने कार्ड लिहिले. बिसेटने हात पुढे केला, "द्या, मी वर चाललोच आहे," आणि लगेच स्वतःच हात मागे घेतला. वॉल्टरने टोपी घातली, कार्ड वेस्टकोटात ठेवले आणि काठी घेऊन चढ चढायला लागला. दोनदा थांबावे लागले. एबेन कामावर गेला होता. बेथियाने दार उघडले, कार्ड वाचले आणि आतल्या मांडणीवर घड्याळामागे ठेवले.

टेकडीपर्यंत जायला त्याला पंचवीस मिनिटे लागली. बंदरावरचे निनियनचे जुने घर कारखान्यापासून चार मिनिटांवर होते.